पेंढ्याचं रेडकू

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी उभ्या राहतात. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळलेला ग्लास तसाच त्याच्या हातात द्यायचा, अशी तिथली पद्धत. बाहेरून आलेली माणसं फोटो काढतात, कोल्हापूरची शान म्हणतात. माझे चुलते केरबाआप्पा तिथे म्हशी घेऊन उभे असतात. त्यांना ते ऐकलं की हसू येतं. "कशाची शान? माणसाचा माणसावर इस्वास न्हाय म्हणून ह्यो कट्टा चाललाय. उद्या समदी खरं बोलाय लागली तर माझ्या म्हशी काय रंकाळ्यावर फिरायला न्हेऊ?"

म्हणणं खोटं नाही. पण दुसऱ्याच्या संशयावर जन्मभर पोट भरलेल्या माणसाला स्वतःला किती संशय असावा, याला काही सुमार? पेंडीचं पोतं आलं की आप्पा आधी मूठभर पेंड पाण्यात घालून बघणार. चारा देणाऱ्याला गाडीच्या तळातली पेंढी उपसून दाखवायला लावणार. भाजीवालीने हसून जुडीभर कोथिंबीर जास्त दिली, तर 'ही का हसली' हा विचार घरी पोचेपर्यंत डोक्यात. मी अनुजा, त्यांच्या थोरल्या भावाची मुलगी. शाळेत भूगोल शिकवते. आमच्या दोन घरांची भिंत एकच आहे. दिवाळीत मी फराळाचं ताट घेऊन गेले तरी आप्पा करंजी उचलून तिच्या कडा तपासतात, तेव्हा ते ताट ओढून घेऊन परत फिरावं असं मला दरवर्षी वाटतं. माणूस वाईट नाही. काकू गेल्या तेव्हा चार माणसांत डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या आप्पांना मी गोठ्यात म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून रडताना पाहिलंय.

मागच्या वर्षी त्यांच्या चंद्री म्हशीचं रेडकू मेलं. रेडकू समोर नसेल तर चंद्री पान्हा सोडेना. आप्पांनी त्या रेडकाचं कातडं वाळवून घेतलं, आत पेंढा भरून ते शिवलं आणि चंद्रीपुढे उभं केलं. त्या पेंढ्याच्या रेडकाला डोळे नव्हते, पाय कसेबसे होते. चंद्रीने हुंगलं, चाटलं, आणि कास भरून आली. आप्पा धार काढता काढता तिच्यावरच वैतागले होते. "एवढी मोठी म्हस तू, आन् नुसत्या कातड्याला भुललीस?"

यंदा उन्हाळ्यात गोठ्यात गोचिडी झाल्या. जनावरांचे डॉक्टर म्हशींच्या अंगाला लावायचं औषध देऊन गेले. आप्पांनी बाटली हुंगली आणि माळ्यावर टाकून दिली. हे औषध कातड्यातून दुधात उतरणार आणि गिऱ्हाईक बोंब मारणार, अशी त्यांची खात्री. तसं होणार नाही असं औषध आहे, हे डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं. आप्पा म्हणाले, "ते तुमास्नी कंपनीवाल्यानं सांगितलं असंल." मग रोज सकाळी हाताने गोचिडी वेचायच्या आणि रॉकेलच्या डब्यात टाकायच्या, हा उद्योग सुरू झाला. त्यातल्या काही आप्पांनाही चावायच्या. कमरेला, मांडीला गाठी यायच्या आणि आठवडा आठवडा खाजायच्या. त्याचं त्यांना काहीच वाटत नसे.

आप्पांचा मुलगा सम्राट शिरोलीला कारखान्यात कामाला आहे. त्याने लग्न स्वतः ठरवून केलं. निशा बौद्ध घरातली, वडील एसटीत कंडक्टर होते. आप्पांनी लग्नाला नाही म्हटलं नाही, पण हो म्हटलेलंही कुणी ऐकलं नाही. अक्षता टाकल्या आणि घरी आले. निशाने मात्र दोन वर्षांत घर हातात घेतलं, त्यांना एक मुलगीही झाली. तिच्या हाताला चव अशी, की रविवारी तिचा तांबडा रस्सा उकळायला लागला की माझा नवरा कारण काढून भिंतीपलीकडे जातो. आप्पाही वाटीवर वाटी ओरपायचे आणि शेवटी म्हणायचे, "मीठ बघून घालत जा." निशा हसून सोडून द्यायची. तिच्या जागी मी असते तर वाटी उपडी केली असती.

आषाढात त्र्यंबोलीची यात्रा झाली. आमच्या गल्लीने नेहमीसारखा बकरा घेतला, घरटी वाटे पडले. दुपारी आप्पांनी मटण, वजडी, रक्ती सगळं आडवा हात मारून खाल्लं, एक झोप काढली आणि म्हशी घेऊन कट्ट्यावर गेले. निशाने नेहमीप्रमाणे थर्मासमध्ये चहा दिला होता. तो प्यायले, आणि थोड्याच वेळात तळहात खाजायला लागले. मग अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, घशात आवळल्यासारखं झालं. कट्ट्यावरच्या पोरांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. इंजेक्शनने उतरलं. "काहीतरी खाण्यात आलं असेल," तिथले डॉक्टर म्हणाले.

एवढं वाक्य आप्पांना पुरलं. खाण्यात आलं म्हणजे कुणीतरी घातलं. आणि दुपारचं जेवण तर केव्हाच जिरलेलं. मग राहिला चहा.

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून थर्मासमधला चहा कट्ट्यावरच्या गटारात जाऊ लागला. मधे एकदा घरी कोंबडी झाली, एकदा मासळी झाली. काही झालं नाही. श्रावणाच्या तोंडावरच्या रविवारी पुन्हा मटण झालं, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. गांधी, सूज, घसा. या वेळी तर चहा घेतलेलाच नव्हता. मी म्हटलं, "बघा, चहात काही नव्हतं." "म्हंजी आता जेवणात घालाय लागली," आप्पा म्हणाले.

"कोण?"

"कोण म्हंजी? घरात रांधतंय कोण?"

मला हसावं का रडावं कळेना. "मग कोंबडी खाल्ली त्या दिवशी काय झालं होतं?"

"त्या दिवशी भ्याली असंल. रोज घातलं तर घावंल की."

संशयाला असं कुठूनही खाद्य मिळतं. झालं तर पुरावा, नाही झालं तर जास्तच मोठा पुरावा. आणि स्पष्टच सांगते, या संशयाला आयता पत्ता मिळाला होता. रांधणारी सून जातीतली असती, आप्पांनी पाहून आणलेली असती, तर त्यांनी आधी तेल हुंगलं असतं, मसाला बघितला असता, खाटकाशी भांडले असते. निशाच्या बाबतीत ते काहीच तपासत बसले नाहीत. पेंडीचं पोतं पाण्यात घालून बघणाऱ्या माणसाने सुनेला नुसतं कुठून आली एवढ्यावर ओळखलं. मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता.

त्यात त्यांनी ते कट्ट्यावर बोलून टाकलं. "घरातच इख घालाय लागल्यात, भाईर कुणाचा इस्वास धरायचा?" धार काढता काढता, गिऱ्हाइकांसमोर. ते गल्लीत यायला वेळ लागला नाही. निशा नळावर गेली की बायका गप्प होऊ लागल्या. यात्रेत जिचा रस्सा मागून नेला होता, तिने दिलेली वाटी एका घरातून तशीच परत आली. निशाने ती वाटी घासून पालथी ठेवली आणि माझ्या पायरीवर येऊन बसली.

श्रावणात आप्पा मुलीकडे गडहिंग्लजला राहायला गेले. तेजस्वी त्यांची एकुलती एक मुलगी, जिवापाड लाडकी. म्हशी सम्राटने सांभाळल्या. महिनाभर आप्पांच्या अंगावर एक गांध उठली नाही. गाल वर आले, आवाज खणखणीत झाला. तिथून फोनवर मला म्हणाले, "आता तरी पटलं का न्हाय? महिनाभर लेकीच्या हातचं खातोय, कसा ठणठणीत हाय."

श्रावणात तेजस्वीच्या घरी काय, आमच्या अख्ख्या गल्लीत मटणाचा तुकडा शिजत नाही, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही. श्रावण पाळायची इतकी सवय असते, की त्यात काही वेगळं खातोय किंवा टाळतोय असं वाटतच नाही.

गणपती विसर्जनानंतर आप्पा परतले ते पंचायत बसवायच्या तयारीनेच. सम्राटला म्हणाले, वेगळी चूल कर. सम्राट चिडला, मग रडवेला झाला. शेवटी निशा आतून बाहेर आली. सासऱ्यांना ती मामा म्हणते.

"मामा, मी इख घातलं म्हणता. मग असं करूया. येत्या रविवारी वन्संनी गडहिंग्लजमधनं मटण करून आणावं. मी चुलीपाशी जाणार न्हाय, तुमच्या पाण्याच्या तांब्याला हात लावणार न्हाय. तुमास्नी काय झालं न्हाय, तर मी लेकीला घेऊन आईकडं जाते. परत येणार न्हाय."

"आन् झालं तर?" सम्राटने विचारलं.

"तर मामांनी सांगावं मी काय करायचं ते."

आप्पा लगेच तयार झाले. त्यांची जिंकण्याची खात्रीच होती.

रविवारी तेजस्वी सकाळच्या एसटीने आली, मांडीवर डबा घेऊन. तिने स्वतः भाकरी थापल्या, स्वतः वाढलं. निशा मुलीला घेऊन माझ्याकडे बसली होती. तिची बॅग भरलेली होती, मुलीचे फ्रॉक वर दिसत होते. भिंतीपलीकडून आप्पांचा आवाज येत होता. "ह्येला म्हणत्यात रस्सा! वाढ की आनखी, काळजाच्या फोडी घाल." मी देवाकडे काय मागावं तेच मला समजेना. आप्पा धडधाकट राहावेत असं म्हणावं तर निशा घराबाहेर जाणार. निशाने राहावं असं म्हणावं तर आप्पांचा जीव घशाशी यायला हवा. मी काहीच मागितलं नाही, चहा केला. तो आम्ही दोघींनीही प्यायला नाही.

संध्याकाळी मीच कट्ट्यावर गेले. आप्पा चंद्रीखाली बसून मजेत धार काढत होते, लेकीच्या रश्शाचं कौतुक गिऱ्हाइकांना सांगत होते. मला बघून म्हणाले, "काय, बघाय आल्तीस?" तेवढ्यात त्यांनी मान खाजवली. मग मनगट. मग दुधाची चरवी बाजूला ठेवून उठायला गेले, आणि चंद्रीच्या पायांशी कोसळले. चरवी लवंडून दूध सगळं रस्त्यावर गेलं. ओठ पार काळेनिळे पडले होते. या वेळी जवळच्या दवाखान्यात निभावणार नाही हे दिसतच होतं. आम्ही त्यांना मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

शुद्धीवर आल्यावर आप्पांनी आधी निशाला शोधलं. ती दाराशी उभी होती. "डब्याला हिनंच हात लावला असंल," ते पुटपुटले.

"आप्पा, डबा गडहिंग्लजपासनं माझ्या मांडीवरनं खाली ठेवला न्हाय," तेजस्वी म्हणाली. "ती घरात बी न्हवती."

मग आप्पांनी तेजस्वीकडे पाहिलं. ती नजर मी करंज्यांच्या ताटावर पाहिलेली होती. तेजस्वीला ती कळली. बापाच्या खाटेपाशी उभी असलेली ती बाई एकदम मागे सरकली आणि पदर तोंडाशी धरून हुंदके द्यायला लागली.

"मामा, बास करा आता!" निशा आत आली. इतक्या मोठ्याने बोलताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. "वन्संनी काय केलं न्हाय. माझ्या मटणानं झालं, त्यांच्या मटणानं बी झालं. कोंबडीनं न्हाय झालं, मासळीनं न्हाय झालं. श्रावणात मटणच न्हवतं, तवा काय झालं न्हाय. मग आमच्या हातात काय शोधतासा? मटणातच काय तरी हाय."

"आगं, जलमभर मटण खातोय मी!"

तिथे डॉक्टर धैर्यशील होते, तिशीचे असतील. निशाचं बोलणं ऐकून ते थबकले. मग त्यांनी भलताच प्रश्न विचारला. "आजोबा, तुम्हाला अलीकडे गोचीड चावली होती का?"

आप्पांनी धोतर बाजूला करून मांडीवरच्या गाठी दाखवल्या. डॉक्टर खुर्ची ओढून बसले.

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. बकरा, म्हैस, गाय, मेंढी यांच्या मांसात साखरेच्या अगदी बारीक साखळ्या असतात. त्यांच्या टोकाला दोन कण एका ठरावीक कोनात जोडलेले असतात. त्या टोकाला अल्फा-गॅल म्हणतात. माणसाच्या अंगात ते नसतं, कोंबडीत नसतं, माशात नसतं. काही गोचिडींच्या लाळेत मात्र असतं. गोचीड चावते, त्या लाळेबरोबर ते टोक थेट रक्तात जातं, आणि एखाद्याचं शरीर त्याला शत्रू समजून त्याच्या मापाची अँटीबॉडी तयार करतं. अँटीबॉडीला खोबणी असते. तिच्यात बसेल तेवढ्यालाच ती धरते, बाकी काही बघत नाही. पुढे मटण खाल्लं की तेच टोक चरबीबरोबर हळूहळू रक्तात उतरतं, म्हणून त्रास लगेच होत नाही, चार-पाच तासांनी होतो. अँटीबॉडीला वाटतं, गोचीड आली. ती टोकाला घट्ट धरते आणि सगळ्या अंगाला उठवते.

"पण मी दूध बी पितो की. त्यात साखर नसती व्हय?" आप्पांचा संशय एवढ्या दुखण्यातही जागा होता.

डॉक्टर खूश झाले. "असते. दुधाच्या साखरेत यातलाच एक कण असतो. पण तिथं जोड वेगळ्या कोनात असतो. कोन बदलला की आकार बदलला, आणि आकार बदलला की खोबणीत बसत नाही. कण तोच, पण अँटीबॉडीला ओळखच पटत नाही. अल्फा-गॅल दुधातही थोडं असतं, पण तुम्हाला ते सोसतंय तर प्या."

"आन् बकऱ्यानं मला काय केलतं? त्याचा न् गोचिडीचा संबंध काय?"

"काहीच नाही. फक्त टोक सारखं."

आप्पांनी मांडीवरच्या गाठीवरून बोट फिरवलं. सलाईन थेंब थेंब पडत होतं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "म्हंजी पेंढ्याचं रेडकू."

डॉक्टरांना ते कळलं नाही. आम्हाला सगळ्यांना कळलं.

रक्ताची तपासणी बाहेरगावी पाठवली होती. तिचा निकाल डॉक्टर म्हणाले तसाच आला. मटण बंद, वजडी बंद, रक्तीचं नाव काढायचं नाही. गोचिडी परत चावल्या नाहीत, तर काही वर्षांत रक्तातली ती अँटीबॉडी हळूहळू कमी होण्याची शक्यता आहे. चावल्या तर पुन्हा वाढणार. मटणाशिवाय कोल्हापूरचा माणूस म्हणजे निम्मा मेलाच, असं सम्राट गमतीने म्हणाला. आप्पा हसले नाहीत. त्यांचं लक्ष निशाकडे होतं. ती डिस्चार्जचे कागद गोळा करत होती.

"निशा," त्यांनी हाक मारली. मला वाटतं, तिचं नाव घेऊन त्यांनी मारलेली ती पहिलीच हाक. "घरला चल. बॅग ठेव आत."

"येते," ती म्हणाली. "पण जिथं बोललासा तिथंच सांगा आधी. माझ्यापाशी सांगून मला नळावर पाणी मिळत न्हाय."

दुसऱ्या दिवशी आप्पा कट्ट्यावर गेले. सम्राट नको म्हणत होता, पण गेले. ते पडले होते त्याच जागी चंद्रीला उभं केलं. कट्ट्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "ऐका रं! मी म्हणलतं माझ्या सुनंनं इख घातलं. तिनं काय घातलं न्हवतं. गोचिडीनं घातलं. मी गोचीड सोडून सुनंला धरलं. ज्यानं ज्यानं माझं ऐकून आपल्या घरात सांगितलंय, त्यानं ह्ये बी जाऊन सांगा." काही जण हसले. एका पैलवानाने हसून विचारलं, "मामा, मग आता दुधात तर काय न्हाय न्हवं?" एरवी आप्पांनी त्याला आईवरून शिवी हासडली असती. त्या दिवशी त्यांनी नुसता ग्लास भरून पुढे केला.

घरी येऊन त्यांनी माळ्यावरची बाटली काढली. जनावरांच्या डॉक्टरांना फोन करून पुन्हा सगळं विचारून घेतलं, मगच म्हशींना औषध लावलं. गोठा धुतला, आंघोळ केली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. मी निशाबरोबर लसूण सोलत बसले होते.

"गोचिडीचं औषध लावलंय," आप्पा म्हणाले. "कट्ट्यावर बी सांगून आलोय. आता झालं न्हवं सगळं?"

निशाने हातातली पाकळी खाली ठेवली. "डॉक्टर काय म्हणालं, मामा? गोचीड परत चावली न्हाय तर रक्तातलं ते हळूहळू कमी हुईल. असंच म्हणालं न्हवं?"

"व्हय."

"मग माझंबी तसंच हाय. परत चावू नका."

आप्पांनी मान डोलावली आणि पाटावर जाऊन बसले. निशा रांधते सगळ्यांसाठीच, आप्पांसाठी कोंबडीचा रस्सा वेगळा करते. पण त्यांचं ताट ती अजून वाढत नाही. ते स्वतः उठून वाढून घेतात.